दाढेत सिमेंट भरायचं की रूट कॅनाल? आणि ही "आता दुखत नाही" काय भानगड

परवा पंचवटीत मिसळ खायला बसलो होतो, समोरचा मित्र एकाच बाजूने चावतोय. काय झालं विचारलं तर म्हणे, दिवाळीत दाढ जाम ठणकत होती, आता थांबली आपोआप, वेळ मिळाला की सिमेंट भरून घेतो, रूट कॅनाल-बिनाल नको. हे वाक्य मी घरात, ऑफिसात, लग्नात इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो. मी डॉक्टर नाही, पण दोन दाढांचं रूट कॅनाल करून बसलेला माणूस आहे.

सिमेंट म्हणजे फिलिंग, ते सगळ्यांना माहितीये. कीड खरवडली, खड्डा भरला, घरी. रूट कॅनालमध्ये त्याच्याही आत जातात. आपण ज्याला 'नस' म्हणतो तो खरं तर नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा असतो, डॉक्टर त्याला पल्प म्हणतात, तो काढायचा, मुळातल्या नळ्या बारीक फाईलींनी साफ करून औषधाने धुवायच्या आणि त्यात गटापर्चा नावाचा झाडाच्या चिकापासून केलेला रबरासारखा पदार्थ भरायचा. पुढच्या दाताला बहुतेक वेळा एकच नळी, दाढेला तीन-चार, म्हणून दाढेला वेळ आणि पैसे जास्त. आणि दात उपटत नाहीत हो! उपटायला लागू नये म्हणूनच तर हा खटाटोप.

आता खरा घोळ. लोक किती दुखतंय त्यावरून ठरवतात, थोडं दुखलं तर सिमेंट, फार दुखलं तर रूट कॅनाल, आणि थांबलं तर काहीच नाही. तसं नसतं. आतला गाभा सावरण्यासारखा आहे का, एवढाच प्रश्न असतो.

आपल्या नाशकात जानेवारीत सकाळी नळाच्या पाण्याने चूळ भरली की किडकी दाढ लगेच हजेरी लावते. सणक आली आणि पाणी थुंकल्यावर दोन-चार सेकंदात गेली, तर गाभा चिडलाय पण सावरू शकतो, तिथे फिलिंगवर भागतं. चूळ टाकली, ब्रश धुतला, चहा गाळला तरी ठणका चालूच, रात्री आडवं झालं की वाढतो, गरम चहानेही उठतो, काही न खाता-पिता आपोआप सुरू होतो, तर तो गाभा बहुतेक परत फिरत नाही. आणि तिसरा प्रकार म्हणजे आधी ठणकून गेलेली किडकी दाढ, जिला आता थंड लागतच नाही. लोक इथेच फसतात. गाभा कडक दातात कोंडलेला असतो, सुजायला जागा नाही, रक्त पोचेनासं होतं आणि तो मरतो. मेला की ठणका बंद. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरायला लागतात. (घरची चूळ हा नुसता अंदाज, नक्की काय ते डॉक्टर तपासून आणि एक्स-रे काढूनच सांगतात.)

मीही हाच शहाणपणा केला होता. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या चार दिवस घेतल्या, दुखणं थांबलं, सगळ्यांना सांगत सुटलो की बघा, गोळीवर काम झालं. तीन महिन्यांनी हिरडीवर एक पुळी, दाबली की तोंडात खारट घाण चव. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाला काळा डाग. गोळी रक्तातून जाते आणि मेलेल्या गाभ्यात रक्तच जात नाही, मग ती आत पोचणार कशी? सूज पसरली किंवा ताप आला तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात, पण उपचाराच्या जोडीला, त्याऐवजी नाही. जबड्याखाली सूज येऊन गिळायला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला तर मात्र सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

लवंगेचं तेल? बधिर करतं, कीड काढत नाही. रूट कॅनाल दुखतं का? भूल देऊन करतात, आदल्या रात्रीचा ठणका त्यापेक्षा कितीतरी वाईट.

अजून एका गोष्टीने माझं डोकं फिरतं, "कॅप नंतर बघू". कॅप म्हणजे रूट कॅनालनंतर दातावर बसवायचं टोपण. पुढच्या दाताला प्रत्येक वेळी कॅप लागतेच असं नाही, पण किडून पोकळ झालेली दाढ चावताना तडकते, आणि तडा मुळापर्यंत गेला की केलेलं रूट कॅनाल वाया, दाढ काढावीच लागते. माझ्या दुसऱ्या दाढेचा कोपरा कॅपच्या आधीच चिवड्यातल्या शेंगदाण्याने उडाला, तडा वरच्यावर होता म्हणून वाचलो.

तर त्या मित्राला विचारलं, थंड लागतं का रे तिथे? त्याने गारेगार ताकाचा घोट त्या बाजूला धरला, चांगला दहा सेकंद, गिळला आणि खूश होऊन म्हणाला, "बघ, काहीच होत नाही."