पार्श्वभूमी : मेक्सिकन आजोबांचे दहा टक्के

कॅलिफोर्निया, टेक्सास किंवा शिकागोतल्या मेक्सिकन घरात आजोबा गेले, की त्यांच्या आठवणींत एक वाक्य हमखास येतं : ते फार कष्टाळू होते, जन्मभर शेतात राबले, कधी तक्रार केली नाही. वाक्य खरंच असतं. पण त्या पिढीतल्या पुष्कळ आजोबांचे कष्ट एका छापील करारावर अंगठा किंवा सही करून सुरू झाले होते. त्या करारातलं एक कलम समजून घेतल्याशिवाय 'तक्रार केली नाही' या शब्दांचं वजन कळत नाही.

४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात मजूर पुरवण्याचा समझोता झाला. अमेरिकेतले तरुण युद्धावर गेले होते, बीट, कापूस, लेट्यूसची शेतं माणसांवाचून अडली होती. या योजनेतल्या मजुरांना 'ब्रासेरो' म्हणत. स्पॅनिशमध्ये 'ब्रासो' म्हणजे बाहू. आपल्याकडे ज्याला हातावर पोट असलेला माणूस म्हणतात, तोच हा. ३१ डिसेंबर १९६४ ला योजना बंद होईपर्यंत सुमारे ४५ लाख करार झाले. माणसं त्याहून बरीच कमी, कारण एकच माणूस पाच-सहा वेळा जाऊन येई.

भरती केंद्रावर आधी तळहात पाहत. घट्टे असले तर माणूस शेतातला, मऊ असले तर परत. पुढे सीमेवर, उदाहरणार्थ एल पासोजवळच्या रिओ व्हिस्ता केंद्रात, कपडे उतरवून तपासणी होई आणि अंगावर डीडीटी या कीटकनाशकाची पूड मारली जाई. नातवंडांना हा भाग बहुधा फार उशिरा कळतो.

कागदावर करार चांगला होता. तासाला किमान ३० सेंट, राहायला फुकट जागा, जाण्यायेण्याचा खर्च, कराराच्या तीन चतुर्थांश दिवसांच्या कामाची हमी. शेतात मात्र 'एल कोर्तितो' हातात यायचं : जेमतेम फूट-दीड फूट दांड्याचं खुरपणीचं अवजार. ते चालवायला कंबरेतून पार वाकावंच लागे, आणि पाठ सरळ दिसली की काम थांबलंय हे मुकादमाला लांबूनही कळे. कॅलिफोर्नियात त्यावर बंदी आली १९७५ मध्ये, म्हणजे ब्रासेरो योजना संपून दहा वर्षं उलटल्यावर. आजोबांची मोडलेली कंबर म्हातारपणाने मोडली, असं घरात सगळे समजून चालतात.

आता ते कलम. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येकाच्या मजुरीतून दहा टक्के कापले जात. ही बचत आहे, मेक्सिकोत परतल्यावर मिळेल, त्यातून अवजारं घ्या, असं सांगितलं होतं. पैसे अमेरिकी बँकेतून मेक्सिकोच्या सरकारी बँकांकडे गेले आणि पुढे बहुतेकांच्या हाती काहीच आलं नाही. अनेकांना तर कपात झाल्याचंच ठाऊक नव्हतं. नव्वदच्या दशकात म्हातारे ब्रासेरो आणि त्यांची मुलं रस्त्यावर उतरली, २००१ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला. मेक्सिकोने २००५ मध्ये निधी उभारला आणि माणशी ३८,००० पेसो ठरवले. २००८ मधल्या तडजोडीने अमेरिकेत राहणाऱ्यांनाही अर्ज करता आला, साधारण ३,५०० डॉलरसाठी.

खरा वाद रकमेपेक्षा नावाचा आहे. मेक्सिकोच्या कायद्यात या निधीला 'सामाजिक आधार' म्हटलं गेलं. देणं म्हटलं असतं तर कोणाकडून किती कापले, त्यावर साठ वर्षांचं व्याज किती, हा हिशेब मांडावा लागला असता. आधार म्हटल्यावर सगळ्यांना एकच आकडा, शिवाय तो उपकाराच्या सुरात. ज्यांची मजुरी कधी कापलीच गेली नव्हती असे नंतरच्या वर्षांतले मजूरही त्यात बसले. त्यांना पैसे मिळाले याचं दुःख नाही, पण मूळ कर्ज त्या गर्दीत पुसलं गेलं. त्यात पुन्हा कागद हवा. सहा दशकांपूर्वीचा करार किंवा मजुरीची पावती, जी बराकीत, बसमध्ये, पुरात केव्हाच गेलेली. माणसाच्या कंबरेला पुरावा मानत नाहीत. ही बचत त्यांचीच होती, ती परत मागणं म्हणजे मदत मागणं नव्हे, हे इथे ठामपणे लिहायला हवं.

कागदाचा घोळ आधीपासूनचाच. करार संपून शेतावर राहिलेला माणूस एका रात्रीत बेकायदा ठरे, आणि १९४७ ते १९४९ च्या सुमारास अशाच माणसांना अमेरिकी सरकारी यंत्रणेने सीमेपर्यंत नेऊन, करार देऊन पुन्हा कायदेशीर केलं. १९५४ मध्ये तीच यंत्रणा मोठ्या धरपकडीला निघाली आणि दहा लाखांहून अधिक लोक परत पाठवल्याचा दावा सरकारने केला. माणूस तोच, शेत तेच, शिक्का बदललेला. काहींना मालकाने नोकरीचं पत्र दिलं आणि साठच्या दशकात ग्रीन कार्ड मिळालं, मग बायकोमुलं आली. ज्यांचं राहून गेलं त्यांतल्या अनेकांना अमेरिकेच्या १९८६ च्या स्थलांतर कायद्याने वाट दिली. त्यात शेतमजुरांसाठी वेगळी तरतूद होती, एका वर्षात किमान ९० दिवस शेतात राबल्याचा पुरावा दाखवणाऱ्यांसाठी. इथेही पुन्हा कागदच.

२८ जानेवारी १९४८ रोजी कॅलिफोर्नियात कोअलिंगाजवळ मजुरांना परत नेणारं विमान कोसळलं. वैमानिक आणि कर्मचाऱ्यांची नावं बातम्यांत आली. २८ मेक्सिकन प्रवासी फ्रेझ्नोतल्या एका सामूहिक कबरीत पुरले गेले आणि दगडावर फक्त त्यांची संख्या कोरली गेली. काहींचे करार नुकतेच संपले होते, काही कराराविना आलेले. २०१३ मध्ये तिथे नवा दगड बसला. त्यावर सगळ्यांची नावं आहेत.