क्रँकला पुढे रेटणारं तेल : टॉर्क कन्व्हर्टरच्या प्रेशरची पार्श्वभूमी

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात ट्रॉलरच्या इंजिनाचं काम करणाऱ्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, पंख्याचा रेटा शेवटी कुठे बसतो? तो गिअरबॉक्सवर हात ठेवील. पंखा पाणी मागे लोटतो, शाफ्ट पुढे रेटला जातो आणि तो रेटा गिअरबॉक्समधल्या थ्रस्ट बेअरिंगवर थांबतो. क्रँकपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यापर्यंत, तो जाऊ द्यायचा नसतो. दर्यावरच्या या साध्या नियमाची किंमत ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ रेषेतल्या मोटार शर्यतींच्या, जगाने फोडलेल्या इंजिनांत मोजली. आणि ज्या यंत्रामुळे ती मोजावी लागली, तो टॉर्क कन्व्हर्टर मुळात जहाजासाठीच जन्मला होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांवर वाफेची टर्बाइनं आली. टर्बाइन वेगाने फिरलं तर चांगलं चालतं, पंखा सावकाश फिरला तर चांगला ढकलतो. दोघांचं जमवायचं कसं? श्टेटिनच्या व्हल्कन जहाज कारखान्यात काम करणाऱ्या हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली उत्तराचं पेटंट घेतलं. एक पात्यांचं चाक द्रव फेकतं, समोरचं चाक तो झेलून फिरतं आणि मधली स्थिर पाती प्रवाहाची दिशा वळवून जोर वाढवतात. हाच टॉर्क कन्व्हर्टर. जहाजांवर पुढे दातेरी गिअरांनी त्याची जागा घेतली.

त्याच १९०५ साली ऑस्ट्रेलियातल्या मिशेल या इंजिनिअरने किंचित कलणाऱ्या पाट्यांच्या थ्रस्ट बेअरिंगचं पेटंट घेतलं. पाटी कलली की फिरता भाग तेलाला पाचरीसारखं आत ओढतो आणि त्या पातळ थरावर जहाजाचा सगळा रेटा तोलला जातो. मोटारीच्या इंजिनात असं काही नसतं आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे. क्रँकच्या रेट्यासाठी तिथे असतो तो सपाट थ्रस्ट वॉशर, नाहीतर क्रँक ज्यावर फिरतो त्या मेन बेअरिंगचीच दुमडलेली कड. तिला तेल मिळतं तेही मेन बेअरिंगमधून पाझरेल तेवढंच. क्लच दाबल्यावर येणारा घडीभराचा रेटा सोसावा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

मोटारीत १९४८ साली ब्युइकच्या डायनाफ्लो या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून टॉर्क कन्व्हर्टर आला, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे, क्लचच्या जागी. मग १९५० मध्ये शेव्हरोलेचा दोन गिअरांचा पॉवरग्लाइड आणि १९६४ मध्ये जनरल मोटर्सचा टर्बो ४०० हे गिअरबॉक्स आले. ड्रॅग रेसिंगची अमेरिकेतली संघटना, एनएचआरए, १९५१ची. कुटुंबाच्या गाडीसाठी बनलेले हे गिअरबॉक्स पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या शर्यतीत उतरले आणि आजही पॉवरग्लाइड तिथे मानाने वापरला जातो.

आता प्रेशरचं गणित. कन्व्हर्टर तेलाने सतत भरलेला लागतो. तेल कमी पडलं तर आत पोकळ्या होतात, जोर जातो, उष्णता वाढते. म्हणून पंपाचं तेल त्यात दाबाने सोडतात. पण कन्व्हर्टरचं भांडं मागच्या बाजूला, गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या नळीसारख्या मानेपाशी, उघडं असतं. त्यामुळे आतलं प्रेशर सगळ्या भांड्यालाच पिस्टनसारखं पुढे, इंजिनाकडे, ढकलतं. मान दोन इंच व्यासाची धरली तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस इंच. चौरस इंचाला १०० पौंड प्रेशर असेल तर रेटा झाला सुमारे १४२ किलो, २०० पौंडाला सुमारे २८५. क्लचसारखा क्षणभर नव्हे, इंजिन चालू असेपर्यंत.

शर्यतीवाल्यांनी नेमकं हेच प्रेशर वाढवलं. त्यांचा हेतू वेगळा आणि रास्त होता : गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा घसरून जळू नयेत. पण लाइनचं, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाचं मुख्य, प्रेशर वाढलं की बऱ्याच गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टरला जाणारंही वाढतं. त्यात ट्रान्सब्रेक आला. तो पुढचा आणि रिव्हर्स गिअर एकाच वेळी लावून गाडी जागीच जखडतो. अलिबागकडच्या किनाऱ्यावर शर्यतीचे बैल सुटण्याआधी धरून ठेवतात ना, तसं. फक्त इथे इंजिन पूर्ण जोरात आहे, कन्व्हर्टरमधलं तेल तापतंय आणि सपाट वॉशरवर सगळा रेटा आहे. जास्त वेगात कन्व्हर्टरचं कवचही फुगतं. क्रँकला पुढे-मागे खेळायला मोकळीक असते साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर. वॉशर झिजला की क्रँक पुढे सरकतो, त्याच्या भिंती कनेक्टिंग रॉडला घासतात, धातूचा चुरा तेलात मिसळतो आणि बाकीची बेअरिंगंही जातात.

कवचाच्या फुगण्यावर जाड पट्ट्या बसवलेले, लहान व्यासाचे कन्व्हर्टर आले. वॉशरला जास्त तेल मिळावं म्हणून बेअरिंगच्या कडेला बारीक खाच घासण्याची रीत पडली. दोन्ही उपाय चांगले, पण ते रेटा सोसण्याचे. रेटाच कमी करणारा उपाय म्हणजे कन्व्हर्टरच्या वाटेवर वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह : क्लच प्लेटांना हवं तेवढं प्रेशर राहू द्यायचं, कन्व्हर्टरकडचं मात्र ठरावीक आकड्यावर अडवायचं. टर्बोचार्जरच्या, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्याच्या, गाड्यांत पुढे प्रेशर सोडून देणारे डंप व्हॉल्व्हही आले. सुरुवातीच्या रेषेवर कन्व्हर्टरमधलं प्रेशर थोडं सोडलं की तो सैल होतो, इंजिन वर चढतं आणि टर्बो भरतो. मर्यादा इथेही आहे. फार सोडलं तर पुन्हा पोकळ्या आणि उष्णता.

आपल्याकडे चिरेखाणीवरच्या जेसीबीतही टॉर्क कन्व्हर्टरच असतो. एका खाणीवरच्या यंत्राचा क्रँक हाताने हलवला तर टकटक वाजत होता. मालक नवा वॉशर मागत होते. मी आधी तेल थंड करणाऱ्या कूलरची नळी सोडली. ती दगडाने चेपली होती. कन्व्हर्टरमधून निघालेलं तेल कूलरकडेच जातं. ती वाट तुंबली की मागे प्रेशर चढतं, मग गाडी शर्यतीची असो वा खाणीवरची. तेव्हापासून वॉशर बदलण्याआधी मी त्या नळीवर प्रेशर मोजायचं गेज लावतो.