चंद्राकडे बघताना सापडलेला तारा

आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन जवळपास दहा मीटर पाण्याच्या थराइतकं भरतं. शरीरातून आरपार जाणारे क्ष-किरण या थरापुढे मात्र हरतात. म्हणूनच रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये ते शोधले, तरी क्ष-किरणांतलं आकाश पुढची पन्नास वर्षं आपल्याला बंदच होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन व्ही-२ रॉकेटं अमेरिकेच्या हाती आली. त्यांवर गायगर गणक, म्हणजे किरण मोजणारी उपकरणं, चढवून अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रीडमन यांनी १९४९ मध्ये सूर्याचे क्ष-किरण टिपले. पण सूर्याच्या दृश्य प्रकाशापुढे ते दशलक्षांश भागाएवढेच. इतर तारेही असेच असतील, तर अगदी शेजारचा ताराही दिसायचा नाही. मग शोधायचं काय?

रिकार्डो जियाकोनी, ब्रूनो रोसी आणि सहकाऱ्यांनी चंद्र निवडला. सूर्याच्या माऱ्याने तिथले खडक क्ष-किरण सोडतील, अशी अपेक्षा होती. १८ जून १९६२ च्या रात्री न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून एरोबी रॉकेट उडालं. ८० किलोमीटरच्या वर ते जेमतेम सहा मिनिटं होतं. तीनपैकी एक गणक चाललाच नाही. रॉकेट स्वतःभोवती फिरत होतं, त्यामुळे दर फेरीला चंद्र समोर आला की आकडा चढायला हवा होता. तो चढला, पण भलत्याच दिशेला. शिवाय कुठेही तोंड केलं तरी आकडा शून्यावर येत नव्हता.

या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग त्यानंतरचा आहे. ऑक्टोबरमध्ये, आकाशाचा तो भाग क्षितिजाखाली असताना त्यांनी पुन्हा रॉकेट सोडलं. आकड्यातला उंचवटा दिसला नाही. जून १९६३ मध्ये तो भाग वर आला आणि उंचवटाही परतला. विद्यार्थ्यांनी निष्कर्षाइतकीच ही पडताळणी लक्षात ठेवावी.

तो स्रोत वृश्चिक तारकासमूहातला होता : स्कॉर्पियस एक्स-१. १९६६ मध्ये त्या जागी एक अंधूक निळसर तारा ओळखला गेला. दृश्य प्रकाशाच्या हजारपट ऊर्जा तो क्ष-किरणांत ओततो! तिथे एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा, जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून घेतो, आणि पडता पडता तो वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो.

रॉकेटची मिनिटं मोजकीच. १२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळून पहिला क्ष-किरण उपग्रह गेला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून नाव ठेवलं 'उहुरू', स्वाहिलीत स्वातंत्र्य. त्याने ३३९ स्रोतांची यादी दिली.

चित्रं मिळायला मात्र आरसे हवेत, आणि समोरून आलेला क्ष-किरण साध्या आरशात शोषला जातो. तो पृष्ठभागाला जेमतेम घासून गेला तरच वळतो. म्हणून हे आरसे ताटलीसारखे नसतात, एकात एक बसवलेल्या पिंपांसारखे असतात. १९७८ च्या 'आइनस्टाइन' वेधशाळेत ते होते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची 'चंद्रा' वेधशाळा १९९९ मध्ये अवकाशात गेली. १९६२ च्या रात्री शून्यावर न येणारा तो आकडा तिने बराचसा उकलला : त्यातला बहुतांश भाग दूरच्या दीर्घिकांच्या केंद्रांतल्या महाकाय कृष्णविवरांभोवतून येतो.