समुद्राखालचा बोगदा: खणलेला की बुडवलेला?

हेलसिंकीहून टाल्लिनला फेरीबोटीने दोन तास लागतात. मधे फिनलंडचं आखात, साधारण ८० किलोमीटर पाणी. अलीकडे फिनलंडची राजधानी, पलीकडे एस्टोनियाची. २०१८ च्या फेब्रुवारीत ‘फिनेस्ट लिंक’ या नावाने या दोन शहरांमधल्या रेल्वे बोगद्याचा व्यवहार्यता अहवाल आला. बोगद्याची लांबी सुमारे १०३ किलोमीटर, खर्च १३ ते २० अब्ज युरो, प्रवास अर्ध्या तासाचा, आणि पहिली गाडी लवकरात लवकर २०४० च्या सुमारास.

हा विषय निघाला की कुणीतरी डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ओरेसुंद सामुद्रधुनीचं उदाहरण देतंच. कोपनहेगन आणि माल्मो २००० सालीच जोडली गेली, तिथेही समुद्राखालून रेल्वे जाते, मग इथे घोडं अडलं कुठे? नुसतं लांबीचं उत्तर दिलं तर ते अर्धवट राहतं. ‘समुद्राखालचा बोगदा’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू फिरतात, आणि हेलसिंकीला जो लागणार आहे तो ओरेसुंदच्या जातीचा नाही.

ओरेसुंदचा बोगदा मुळात कुणी पोखरलेलाच नाही. तो किनाऱ्यावर ओतला, पाण्यावर तरंगवला आणि मग बुडवला. काँक्रीटच्या २० प्रचंड पेट्या, प्रत्येक १७६ मीटर लांब, वजन सुमारे ५५ हजार टन. दोन्ही तोंडं तात्पुरत्या भिंतींनी बंद केली की एवढं धूडही तरंगतं, कारण आत बहुतेक हवाच असते. टगबोटींनी ते ओढत जागेवर न्यायचं, आतल्या टाक्यांमध्ये पाणी भरायचं आणि समुद्राच्या तळात आधीच उकरून ठेवलेल्या चरात अलगद उतरवायचं.

खरी गंमत सांध्याची आहे. नव्या पेटीच्या तोंडाभोवती जाड रबरी पट्टा बसवलेला असतो. ती आधीच्या पेटीला भिडवली की दोघींच्या बंद भिंतींच्या मधे थोडं पाणी अडकतं. ते पाणी उपसून काढायचं, बस्स. आता पेटीच्या या टोकाला पाण्याचा दाब उरला नाही, पलीकडच्या टोकाला मात्र अख्खा समुद्र रेटतोय. तो पेटीला पुढे ढकलतो, रबर चेपलं जातं आणि सांधा पाणीबंद होतो. ज्या पाण्याला बाहेर ठेवायचं, त्याच्याकडूनच कडी लावून घ्यायची! त्यानंतर मधल्या भिंती फोडायच्या, वरून खडी आणि दगड पसरायचे, की चर बुजला.

म्हणजे हा बोगदा तळाच्या खाली नसतो, तळातच बसवलेला असतो. शिवाय तो चौकोनी असतो. ओरेसुंदला एकाच पेटीत दोन रूळमार्ग आणि चार पदरी रस्ता शेजारी शेजारी मावले ते त्यामुळेच.

खणलेल्या बोगद्याचं सगळंच उलटं. इंग्लंड आणि फ्रान्समधला चॅनल टनेल घ्या. ५०.४५ किलोमीटर लांबी, त्यातले जवळपास ३८ किलोमीटर समुद्राखाली. ११ बोगदा-यंत्रांनी तो तळाखालच्या खडूमिश्रित मऊ खडकातून पोखरला. यंत्राचं फिरतं तोंड पुढे खडक कुरतडतं आणि मागे लगोलग काँक्रीटच्या तुकड्यांचं अस्तर चढत जातं. फिरत्या तोंडाने पडणारं भोक गोलच असणार, म्हणून दोन दिशांच्या गाड्यांना दोन वेगळ्या नळ्या आणि मधे देखभालीची तिसरी. वरचा समुद्र अंगाला लागतच नाही. जहाजं चालू राहतात, मासे निवांत असतात.

पण डोक्यावर पुरेसा जाड आणि शाबूत खडक हवा. जपानच्या सेइकान बोगद्यात रूळ समुद्रसपाटीच्या २४० मीटर खाली आहेत, तळाच्याही सुमारे १०० मीटर खाली. तिथला खडक इतका भेगाळलेला होता की मुख्यतः सुरुंग लावूनच पुढे सरकावं लागलं. पाणी घुसण्याचे मोठे प्रसंग आले आणि १९८८ मध्ये गाडी सुरू होईपर्यंत ३४ कामगार दगावले. डेन्मार्कमध्ये स्टोअरबेल्टच्या सामुद्रधुनीत ८ किलोमीटरचा रेल्वे बोगदा खणताना ऑक्टोबर १९९१ मध्ये समुद्र आत शिरला आणि चारपैकी दोन यंत्रं बुडाली. पुढे समुद्रतळात विहिरी पाडून जमिनीतलंच पाणी उपसलं आणि दाब उतरवला, तेव्हा कुठे काम मार्गी लागलं.

खोलीचा भुर्दंड लांबीतही भरावा लागतो. रेल्वेला चढ सोसत नाही, अशा बोगद्यात तो शेकडा एकच्या आसपास ठेवतात. २०० मीटर खाली जायचं तर एका बाजूचा उतारच २० किलोमीटरचा झाला. सेइकान ५३.८५ किलोमीटर लांब असूनही समुद्राखाली फक्त २३.३ किलोमीटर आहे, ते याचमुळे. बुडवलेला बोगदा उथळ असतो, त्यामुळे त्याचे उतार आखूड. पाणी उथळ आणि अंतर कमी असेल तर तोच निवडावा असं मला वाटतं, आणि ओरेसुंदला तसंच झालं. बोगदा जिथे आहे तिथे पूल न बांधण्याचं कारण वेगळंच होतं: शेजारीच कास्त्रुप विमानतळ आहे, पुलाचे उंच खांब विमानांच्या वाटेत आले असते.

आता हेलसिंकी. समजा, पेट्याच बुडवायच्या ठरवल्या. डेन्मार्क आणि जर्मनीमधल्या फेमार्नबेल्टला सध्या १८ किलोमीटरचा असा बोगदा होतोय. त्याच्या नेहमीच्या पेट्या प्रत्येकी २१७ मीटर लांब आणि ७३ हजार टनांच्या. एकूण ८९ पेट्यांसाठी किनाऱ्यावर अख्खा कारखाना उभारावा लागला. याच मापाने ८० किलोमीटरला साडेतीनशेच्या वर पेट्या लागतील. खोलीचं बघाल, तर बुडवलेला रेल्वे बोगदा सुमारे ६० मीटरपर्यंत गेलेला आहे, इस्तंबूलच्या बॉस्फरसमध्ये, तोही जेमतेम १.४ किलोमीटर. फिनलंडच्या आखाताची सरासरी खोली ३८ मीटर भरते, पण सरासरीत चर खणता येत नाही. हे आखात जागोजागी त्याहून बरंच खोल आहे.

शिवाय चर उकरायचा म्हणजे तळ ढवळणं आलं. दोन्ही महायुद्धांत या आखातात हजारो पाणसुरुंग पेरले गेले होते. तळावरून नॉर्ड स्ट्रीमच्या वायुवाहिन्या लांबीने गेल्या आहेत, त्यांना आडवं छेदूनच उत्तर-दक्षिण जावं लागेल. हे सगळं पाहता बोगदा खणायचा, तोही खोल खडकातून, हे उत्तर जवळजवळ आपोआप निघतं. अहवालानेही तेच धरलं आहे.

फिनलंडच्या बाजूने हे सोपंही आहे. तिथे ग्रॅनाइट आणि नाइस यांसारखा जुना, कठीण खडक अगदी वरच आहे. अडचण दक्षिणेला. एस्टोनियाकडे जाताना तोच खडक खाली खाली झुकत जातो आणि त्याच्यावर वालुकाश्म आणि चिकणमातीचे थर चढतात. टाल्लिनखाली कठीण खडक शंभर मीटरहून खोल आहे. वालुकाश्मात पाणी मुरलेलं असतं, आणि उत्तर एस्टोनियात तेच पाणी पिण्यासाठी उपसतात. म्हणजे बोगद्याने कुठेतरी कठीण खडक सोडून या थरांमधून वर यायचं आहे. मला विचाराल तर या प्रकल्पाचं खरं कोडं त्या काही किलोमीटरमध्ये आहे, आखाताच्या मध्यावर नाही.

खर्चाची तुलनाही याच कारणाने फसते. फेमार्नबेल्टचा खर्च ७ अब्ज युरोंच्या वर आहे. त्याला १८ ने भागून १०० ने गुणलं की सुमारे ४० अब्ज येतात, आणि मग फिनेस्ट लिंकचा आकडा थाप वाटू लागतो. पण फेमार्नबेल्टच्या पैशात चार पदरी रस्ताही आहे आणि समुद्रात उकरलेला चरही. इथे फक्त रूळ आणि खडक. याचा अर्थ २० अब्जांत काम होईलच असा नाही. चॅनल टनेलचा खर्च अंदाजाच्या ८० टक्के वर गेला होता. ‘अँग्री बर्ड्स’मुळे नाव झालेले पीटर व्हेस्टरबाका यांनी तर खासगी पैशातून हाच बोगदा २०२४ च्या नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत उघडण्याचं जाहीर केलं होतं. तो दिवस येऊन गेला.

एक प्रश्न मात्र दोन्ही पद्धतींना सारखाच लागू आहे. फिनलंडच्या रुळांमधलं अंतर १५२४ मिलिमीटर, एस्टोनियाच्या जुन्या रुळांचं १५२०, आणि टाल्लिनहून पोलंडच्या दिशेने होत असलेल्या रेल बाल्टिकाचं १४३५. अहवालाने बोगद्यासाठी १४३५ धरलं आहे. त्यामुळे टाल्लिनकडून आलेल्या प्रवाशाला पुढे फिनलंडमध्ये जायचं असेल, तर हेलसिंकीला उतरून गाडी बदलावीच लागेल.