घरून डेटाबेस उघडण्याची सोय : ग्रंथपालांसाठी माहितीपत्रक

"मॅडम, कॉलेजात उघडतं, घरी पैसे मागतं." वर्गणीच्या डेटाबेसबद्दल, म्हणजे नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहांबद्दल, ही तक्रार आपण ऐकलीच असेल. प्रकाशक वाचकाला ओळखत नाही, महाविद्यालयाच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता (त्या जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक) ओळखतो. विद्यार्थ्याने घरी मोबाइल डेटा सुरू केला की पत्ता बदलतो आणि वर्गणी भरलेली असूनही तो परका ठरतो. यावर आम्ही दोन प्रकारची सोय बसवून देतो.

प्रॉक्सी
वाचक ग्रंथालयाच्या पानावरून लॉगिन करतो आणि पुढची सगळी ये-जा आपल्या सर्व्हरमार्फत होते. प्रकाशकाला मागणी आवारातूनच आल्यासारखी दिसते. इझीप्रॉक्सी हे यातलं जुनं नाव, १९९९ पासूनचं. प्रॉक्सी चालू आहे का, हे ॲड्रेस बारमध्ये कळतं : प्रकाशकाच्या पत्त्यातल्या टिंबांच्या जागी बहुधा आडव्या रेघा येतात आणि शेवटी आपल्या ग्रंथालयाचा पत्ता असतो. तो नसेल, तर वाचक गूगलवरून थेट गेला आहे. त्याला ग्रंथालयाच्या पानावरून पुन्हा यायला सांगा. आम्हाला फोन करण्याआधी एवढं जरूर बघा.

फेडरेशन लॉगिन
फेडरेशन म्हणजे एकमेकांचं लॉगिन मान्य करणाऱ्या संस्था आणि प्रकाशकांचा गट. इथे वाचक प्रकाशकाच्याच साइटवर 'संस्थेमार्फत लॉगिन' निवडतो आणि आपल्या संस्थेचं नाव शोधतो. पासवर्ड संस्थेच्या लॉगिन पानावरच तपासला जातो, प्रकाशकाकडे जात नाही. भारतात गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ-ग्रंथालयांसाठीचं केंद्र असं फेडरेशन चालवतं, त्याचं नाव इन्फेड. प्रकाशकाने साइट बदलली की प्रॉक्सीची सेटिंग दुरुस्त करावी लागते, इथे ती कटकट कमी. पण सगळेच डेटाबेस हे लॉगिन स्वीकारत नाहीत, म्हणून आमचा सल्ला दोन्ही ठेवण्याचा.

पासवर्ड ज्याचा त्याला
सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड देऊन तो नोटीस बोर्डावर लावू नका. (हसू नका, असे बोर्ड आम्ही पाहिले आहेत.) एखाद्याने सॉफ्टवेअर लावून नियतकालिकाचे अंकच्या अंक उतरवले, तर प्रकाशक प्रॉक्सीचा पत्ता बंद करतो आणि सगळेच वाचक अडकतात. याबद्दल प्रकाशकाचा जो ईमेल येतो, त्यातली वेळ बहुधा ग्रीनिचची असते. तिच्यात साडेपाच तास मिळवा आणि लॉगमध्ये (कोण कधी आत आलं याच्या सर्व्हरवरच्या नोंदीत) ती वेळ शोधा. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असेल तर नाव लगेच सापडतं. तेवढंच खातं थांबवून प्रकाशकाला कळवलं, की अडलेलं काम सुटायला मदत होते.

निकालानंतर उत्तीर्ण विद्यार्थ्यांची खाती बंद करा. परवान्यात सहसा सध्याचे विद्यार्थी आणि कर्मचारीच येतात, माजी विद्यार्थी नाहीत. प्रवेशाची नवी यादी कार्यालयाकडून एक्सेलमध्ये मिळाली तर आम्ही ती एकदम चढवून देतो.

आम्ही येण्यापूर्वी
वर्गणी असलेल्या डेटाबेसची यादी, स्थिर आयपी पत्ता आणि संस्थेच्या डोमेनचे (वेबसाइटच्या नावाचे) अधिकार असलेली व्यक्ती, एवढं तयार ठेवा. शोधगंगेवरचे प्रबंध सर्वांना खुले आहेत, ते या यादीत घालू नका.