जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ (चित्रपट, १९५९)

‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’ हा फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या १८६४ सालच्या कादंबरीवर आधारलेला अमेरिकन साहसपट आहे. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने तो डिसेंबर १९५९ मध्ये सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीने रंगीत प्रदर्शित केला. दिग्दर्शन हेन्री लेव्हिन यांचे असून पटकथा वॉल्टर रीश आणि निर्माते चार्ल्स ब्रॅकेट यांची आहे.

कथा १८८० सालच्या एडिंबरोत सुरू होते. प्राध्यापक लिंडनब्रुक (जेम्स मेसन) यांना अ‍ॅलेक (पॅट बून) हा विद्यार्थी लाव्हाचा एक दगड भेट देतो. तो नेहमीपेक्षा जड असल्याचे लक्षात येऊन फोडला असता आत एक ओळंबा (गवंडी उभी रेष तपासण्यासाठी वापरतात ते वजन) सापडतो, आणि त्यावर आर्न साक्नुसेम या बेपत्ता आइसलँडी संशोधकाचा पृथ्वीच्या केंद्राकडे जाणाऱ्या वाटेविषयीचा संदेश कोरलेला असतो. आइसलँडमधील स्नेफेल्स ज्वालामुखीच्या मुखातून सुरू होणारी ही वाट स्फटिकांच्या गुहा, राक्षसी अळंब्यांचे वन, भूगर्भातील समुद्र आणि अटलांटिस या दंतकथेतील बुडालेल्या नगरीचे अवशेष यांतून जाते. अखेरीस प्रवासी इटलीतील स्ट्राँबोली ज्वालामुखीतून बाहेर फेकले जातात.

मूळ कादंबरी हँबर्गमध्ये सुरू होते आणि तिच्यात प्राध्यापक काका, त्यांचा पुतण्या आणि वाटाड्या हान्स एवढे तिघेच खाली उतरतात. चित्रपटाने त्यांना कार्ला (आर्लीन डाल) ही स्वीडिश शास्त्रज्ञाची विधवा, भूगर्भावर वारसाहक्क सांगणारा खलनायक काउंट साक्नुसेम आणि हान्सची लाडकी बदकीण गर्ट्रूड यांची जोड दिली. पतीच्या साधनसामग्रीच्या बदल्यात मोहिमेत आपली जागा मागणारी कार्ला ही यांतील सर्वांत मोलाची भर होय. तिच्या आणि प्राध्यापकांच्या खटक्यांमुळे लांबलेला पूर्वार्धही कंटाळवाणा होत नाही. गर्ट्रूडला काउंट खाऊन टाकतो, हा प्रसंग मात्र लहान प्रेक्षकांना चटका लावणारा आहे.

हे जग खरे वाटते ते प्रामुख्याने स्थळ आणि ध्वनी यांमुळे. भूमिगत दृश्यांचा काही भाग न्यू मेक्सिकोतील कार्ल्सबाड गुहांमध्ये चित्रित झाला. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तंतुवाद्ये पूर्णपणे वगळून चर्चमधील मोठा ऑर्गन, इलेक्ट्रॉनिक ऑर्गन आणि सर्पंट हे जुने सुषिरवाद्य वापरले, आणि त्यांच्या खर्ज स्वरांतून खोल भूगर्भाचा दाब थेट कानांना जाणवतो. डिमेट्रोडॉन या प्राचीन प्राण्यांसाठी इग्वाना या मोठ्या जिवंत सरड्यांच्या पाठीवर शिडासारखे पडदे चिकटवण्यात आले होते. कलादिग्दर्शन, विशेष दृश्यपरिणाम आणि ध्वनी या तीन विभागांत चित्रपटाला ऑस्कर नामांकने मिळाली; तिन्ही पुरस्कार ‘बेन-हर’ या चित्रपटाला गेले.

शास्त्रीयदृष्ट्या असा प्रवास अशक्य आहे. भूकवचात दर किलोमीटर खोलीला तापमान सरासरी २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. रशियातील कोला येथे जमिनीत खोदलेले छिद्र १२,२६२ मीटरपर्यंत गेले, तेव्हा तळाशी सुमारे १८० अंश सेल्सिअस तापमान आढळले. पृथ्वीची त्रिज्या मात्र सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. व्हर्न यांच्या काळात पृथ्वीच्या अंतर्भागाच्या उष्णतेविषयी मतभेद होते आणि कादंबरीतील प्राध्यापक त्यांचाच आधार घेतात.

मराठी वाचकांना व्हर्न यांच्या अद्भुत सफरींचा परिचय मुख्यतः भा. रा. भागवत यांच्या अनुवादांतून झाला. २००८ साली एरिक ब्रेव्हिग यांनी याच नावाचा त्रिमितीय चित्रपट केला. त्यातील पात्रे व्हर्न यांची कादंबरीच सत्यकथा मानून तिच्या आधारे भूगर्भात वाट शोधतात.