बाईची हजेरी कायद्यानेच कमी असते का?

‘बायकांच्या मजुरीचा दर सरकारनेच गड्यांपेक्षा कमी ठरवला आहे’ असा समज सांगली-तासगाव भागात वर्षानुवर्षे ऐकू येतो. दोघांची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, वेगवेगळी सांगण्याची पद्धत इतकी जुनी आहे की तो नियमच वाटावा, यात नवल नाही.

प्रत्यक्षात किमान वेतनाच्या अधिसूचनेत दर ठरतात ते उद्योग, परिमंडळ (म्हणजे कामाचे ठिकाण ज्या भागात मोडते तो विभाग) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गांनुसार. स्त्री-पुरुष असा रकाना त्यात नसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मधील समान कामाला समान वेतनाचे तत्त्व १९७६ च्या समान वेतन कायद्याने मालकांवर बंधनकारक केले आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे.

याचा अर्थ सर्वांना एकच दर असा मात्र नाही. बेदाण्याच्या शेडमध्ये पेट्या गाडीत भरणाऱ्याचा आणि निवडणी करणाऱ्याचा दर वेगळा असू शकतो, कारण कामच वेगळे आहे. पण एकाच टेबलावर बसून काड्या वेचणाऱ्या दोघांपैकी एकाला केवळ तो पुरुष आहे म्हणून जास्त देता येत नाही. (हमाली बाईने केली, तर तिलाही हमालीचाच दर.) फरक मिटवण्यासाठी गड्याची मजुरी उतरवण्यासही मनाई आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

खात्री करायची असल्यास जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात आपल्या उद्योगाची चालू अधिसूचना पाहावी, तीत आपला वर्ग शोधावा आणि हातात पडणारी रक्कम त्याच्याशी ताडावी. काम किलोवर असेल, तर किलोचा दर दोघांना एकच आहे ना, हेही विचारावे.